पहिली खुडणी

मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचे चार रिकामे थर्माकोलचे खोके रिक्षातून आले, तेव्हा तेजलने दारातच ओढणी नाकाला लावली.

"आई, हे घरात नाही हं घ्यायचं."

"घरात कशाला? गॅलरीत."

"मांजरं येतील वासाला."

"येतील आणि मासे नाहीत बघून जातील," सीताबाई म्हणाल्या आणि एकेक खोका उचलून गॅलरीत नेऊ लागल्या.

तेजल त्यांची सून. तोंडाने मोकळी, सासूला चिडवणारी, पण तिचा शब्द सहसा न मोडणारी. मुलगा अभय रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून. खेडच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेलं घर बंद करून सीताबाई इकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत एका तुळशीपलीकडे त्यांनी काही लावलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मातीची सवय मोडली ते बरं झालं. आता उगीच खाज नको." आणि त्याच बाई बहात्तराव्या वर्षी, दिवाळी सरल्या सरल्या पालक लावायला निघाल्या, तेही मासळीच्या खोक्यात. घरच्यांना नवल वाटणारच.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते एक मजला खाली राहायला आलं होतं.

खालच्या घरात दर्शनाबाई म्हणून एक शिक्षिका पावसाळ्यात भाड्याने आल्या होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, एकट्याच. दिवाळीनंतर एकदा सीताबाई दळण घेऊन जिना चढत होत्या, तर मागून दर्शनाबाई एका म्हातारीला हाताला धरून आणत होत्या. म्हातारी भिंतीला हात लावून पायऱ्या मोजत होती. "सात, आठ, नऊ. अजून किती गो?" तो आवाज ऐकला आणि सीताबाई दळणाचा डबा पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. म्हातारी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके मात्र सीताबाईंना दिसले.

गंगा.

दुसऱ्या दिवशी दर्शनाबाईंनीच जिन्यात सांगितलं. "आई आलीय माझी गावाहून, डोळ्यांच्या ऑपरेशनला. पण रक्त आठवर आलंय. डॉक्टर म्हणतात, आधी पालेभाजी खाऊ घाला, रक्त वाढू दे, मग बघू. आता ही बाजारातला पालक तोंडात धरत नाही, काकू. म्हणते, घाटावरून ट्रकात शिजत आलेला पाला मला नको."

"किती दिवस आहेत?" सीताबाईंनी विचारलं.

"दोन्ही डोळे व्हायचे म्हणजे दोन महिने तरी."

सीताबाईंनी मनात हिशेब केला. पालक महिन्याभरात खुडायला येतो. त्याच संध्याकाळी त्यांनी अभयकडे बियाण्याची पुडी मागितली.

त्यांच्या गावात एक रीत होती. परसात किंवा शेताच्या बांधावर भाजी केली की पहिली खुडणी आपल्या चुलीवर चढवायची नाही. ज्या बाईला गरज असेल, म्हणजे कुणी आजारी, कुणी बाळंतीण, तिच्याकडे ती न्यायची. दुसऱ्या खुडणीपासून भाजी आपली. कुणी ही रीत घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण वरच्या वाडीतल्या बायका ती पाळायच्या आणि खालच्या बौद्धवाडीतल्याही पाळायच्या.

गंगा बौद्धवाडीतली. छप्पन साली त्या वाडीने धर्म बदलला, वाडीचं नाव बदललं. वरच्या वाडीचे डोळे मात्र जुनेच राहिले. लावणीच्या दिवसांत सीता आणि गंगा एका ओळीत भात लावायच्या, एकमेकींची थट्टा करायच्या, गुडघाभर चिखलात एकीचा पाय रुतला तर दुसरी ओढून काढायची. गंगा वयाने तीन वर्षांनी मोठी, तरी ती सीतेला 'वैनी' म्हणायची, 'तुमी' म्हणायची. आणि सीता तिला 'गंगे' म्हणून हाक मारायची. त्या काळात सीतेला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता रात्रंदिवस वाटायचं, आणि आता वाटून उपयोग नव्हता.

अभय जन्मला त्या वर्षीची गोष्ट. सीता बावीस वर्षांची, नवरा रावजी मुंबईला गिरणीत, मूल दीड महिन्याचं आणि अंगावर दूध धड उतरत नव्हतं. भातं कापून झाली होती. गंगाने ओढ्याच्या काठी दोन वाफे शेपू केला होता. त्याची पहिली खुडणी घेऊन ती एका सकाळी सीतेच्या अंगणात आली. तिच्या वाडीतही तेव्हा एक बाळंतीण होती. तरी ती चढण चढून सीतेकडे आली.

"वैनी, पयली खुडणी हाय. परतून खावा, दूध येईल."

"ठेव पायरीवर," सीता ओटीवरून म्हणाली.

गंगाने जुडी पायरीवर ठेवली, बाळाकडे लांबूनच बघून हसली आणि गेली. सीता उठली. जुडी उचलली. ओल्या शेपूचा वास हाताला लागला. तशीच ती गोठ्यात गेली आणि जुडी गाईपुढे टाकली. वळून बघते तर गंगा अंगणात उभी. कोयती विसरली होती, ती न्यायला परत आली होती. ती गाईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पायरीवरची कोयती उचलली आणि खाली उतरून गेली.

पुढच्या लावणीला गंगा आली, पण ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. त्यानंतरच्या सगळ्या लावण्यांना ती तिथेच उभी राहिली.

सीताबाईंनी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं होतं की सासूच्या धाकाने झालं. खालच्या वाडीतली भाजी चुलीवर चढली असती तर सासूने घर डोक्यावर घेतलं असतं. पण सासू त्या वेळी घरामागे वाल सोलत बसली होती. तिने काही बघितलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. हे स्वतःशी कबूल करायला सीताबाईंना सासू वारल्यावरही वीस वर्षं लागली.

आता गंगा खालीच होती. अठरा पायऱ्या उतरल्या की तिचं दार. पण रिकाम्या हाताने जाऊन बोलायचं काय? भाजी हातात असली म्हणजे ती बोलेल, मला फार बोलावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं. पालक वाढेपर्यंत न जायला एक सबब मिळाली, हेही खरं.

खोक्यांना तळाशी भोकं पाडली, नारळाच्या सोडणाचा थर दिला, वर चिरेखाणीजवळून आणलेली तांबडी माती आणि शेणखत. बी रात्रभर भिजत घातलं. पालकाचं बी म्हणजे खडबडीत, काटेरी कणी; एकेका कणीतून दोन-दोन, तीन-तीन अंकुर येतात. आठव्या दिवशी हिरवी रेघ दिसली. सीताबाई सकाळ-संध्याकाळ खोक्यांपाशी स्टूल टाकून बसू लागल्या.

पंधराव्या दिवशी पानं पिवळी पडली. विसाव्या दिवशी अंगठ्याएवढी रोपं माना टाकून बसली.

"पाणी जास्त झालं का, आई?" तेजलने विचारलं.

"पाणी नाही. माती आंबट आहे. हिला राख हवी, आणि या घरात चूल नाही."

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या गावची बाईच करू जाणे. भाताची रोपं करायची जागा त्यांच्याकडे आधी भाजून काढतात. वाळका पालापाचोळा, शेणी, फांद्या जमिनीवर रचायच्या, वर थोडी माती टाकायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की तण मरतं आणि राख मातीत मुरते. सीताबाईंनी एक खोका गच्चीवर नेला, आंब्याची वाळकी पानं आणि पूजेच्या दुकानातून आणलेल्या दोन गोवऱ्या मातीवर रचल्या आणि काडी ओढली. पानं छान धुमसली. ओळखीचा धूर नाकात गेला आणि क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत याचाही विसर पडला. मग खोक्याच्या कडा वितळून आत वळल्या आणि काळा, घाणेरडा धूर जिन्यातून खाली गेला.

सोसायटीचा सेक्रेटरी विनीत धावत वर आला. "आजी, काय जाळताय?"

"राब भाजतेय."

"काय?"

"जाऊ दे. बादली दे पाण्याची."

संध्याकाळी अभयने डोक्याला हात लावला. तेजल मात्र हसून हसून बेजार झाली. "थर्माकोलमध्ये राब! आई, तुमचा फोटो काढून ठेवायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी दर्शनाबाई जिन्यात भेटल्या. "काकू, तुमच्या धुराने आई उठून बसली काल. म्हणाली, वर कुणीतरी राब भाजतंय. मी म्हटलं, इथे कुठला राब? तर म्हणे, आधी राबाचा वास आला, मग कसलीतरी घाण आली. कुणीतरी आपल्याकडचं आहे बघ." त्या थांबल्या. "या ना एकदा खाली. दिवसभर एकटी असते. बोलायला कुणी नाही."

"येईन," सीताबाई म्हणाल्या. "येईन हं."

गेल्या नाहीत. अजून भाजी कुठे होती?

जळक्या खोक्यातली राख त्यांनी बोटांनी वेचून उरलेल्या तीन खोक्यांत मिसळली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणखी डबाभर आणली. पुन्हा बी पेरलं. या वेळी पालक असा उठला की तेजलसुद्धा सकाळी चहाचा कप घेऊन बघत उभी राहू लागली. पानं वितीएवढी झाली, काळीभोर हिरवी, चकाकती.

"चार पानं घेऊ? वरणात टाकते."

"हात लावू नकोस."

"आई, खोकेभर आहे."

"पहिली खुडणी घरात शिजवायची नसते. द्यायची असते."

"कुणाला?"

सीताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या.

अजून चार दिवस, अजून दोन दिवस, पान थोडं रुंद होऊ दे, असं करता करता जानेवारी उजाडला. गंगाचा पहिला डोळा झाला, दुसराही झाला. ते सगळं सीताबाईंना दर्शनाबाईंकडून कळत होतं. एके दिवशी दहाच्या सुमाराला तेजल कचरा टाकून आली आणि सहज म्हणाली, "खालच्या आजी चालल्या वाटतं आज. दारात पिशव्या भरून ठेवल्यात. दोनची गाडी आहे म्हणे खेडची."

सीताबाई गॅलरीत गेल्या. खोक्यांपुढे बसल्या आणि दोन्ही हातांनी पालक उपटू लागल्या. गावात शेपू, माठ, मुळा जसा उपटत आल्या तसा, मुळासकट, मूठ मूठ. तिन्ही खोके रिकामे केले. मुळांची माती धुतली, जुन्या लुगड्याच्या काठाने जुडी बांधली आणि अठरा पायऱ्या उतरल्या.

दार उघडंच होतं. गंगा खुर्चीत बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. सीताबाई उंबऱ्याशी थांबल्या.

"गंगाबाई."

"बाई कधीपासून झाले मी?" गंगाने चष्मा काढला आणि नीट बघितलं. "ये आत. म्हातारी झालीस गो."

आयुष्यात पहिल्यांदा गंगाने त्यांना 'तू' म्हटलं होतं. सीताबाई आत जाऊन समोरच्या पलंगावर टेकल्या.

"ओळखलंस मला?"

"तुला राबाच्या दिवशीच ओळखली. दर्शनाला विचारलं, वर कोण राहतं? म्हणाली, अभय. बापाचं नाव? रावजी. मग काय राहिलं ओळखायचं?" गंगा शांतपणे बोलत होती. "तेव्हापासून दार उघडं ठेवून बसते. म्हटलं, येईल. तू वरून जिना उतरताना मी तुझी पावलं ऐकायची. दारापुढून जायचीस, थांबायची नाहीस."

"भाजी तयार होत नव्हती."

"कसली भाजी?"

सीताबाईंनी जुडी पुढे केली. "पहिली खुडणी आहे. तुझं रक्त कमी झालंय म्हणून कळलं."

गंगाने जुडी हातात घेतली, उलटी करून मुळं बघितली. "मुळासकट उपटलीस? सगळी?"

"हो."

"अगो, पालक उपटत नाहीत. दोन बोटं बुडखा ठेवून कापतात. परत फुटतो. पाच-सहा वेळा येतो तो. दर्शनाने शाळेत पोरांकडून लावून घेतलाय, मी बघितलंय." तिने बोटांनी मुळं चाचपली. "म्हणजे आता वर काही राहिलं नाही?"

"नाही."

"असू दे. रक्त गोळ्यांनी वाढलं माझं." तिने खालून एक परात ओढली, खुर्चीतच मांडीवर घेतली. "ये, निवडून टाकू. दर्शना संध्याकाळी करील. मला आता काय, दोनची गाडी आहे."

सीताबाईंनी पलंग सोडून जमिनीवर बैठक मारली. दोघी एका परातीत पालक निवडू लागल्या. पहिली मूठ संपली, दुसरी संपली. लावणीच्या ओळीत हात चालायचे तसे दोघींचे हात चालू होते.

"गंगे, ती जुडी," सीताबाई म्हणाल्या, "सासूने सांगितलं म्हणून नाही टाकली मी. ती मागे होती. तिला माहीतही नव्हतं. मीच टाकली."

"देठं वेगळी ठेव. जाड आहेत."

सीताबाईंनी देठं वेगळी केली.

"तुझी सासू मागे वाल सोलत होती," गंगा म्हणाली. "येताना तिच्यापुढूनच आले मी. तिने बघितलं होतं जुडी घेऊन येताना. काही बोलली नाही. म्हणून तर मला बरं वाटलं होतं."

सीताबाईंचा हात परातीत तसाच राहिला. कित्येक वर्षं ज्या सासूच्या नावाने त्यांनी आपली लाज झाकली होती, तिने त्या दिवशी गंगाला येऊ दिलं होतं.

"मला माफ—"

"पाणी पितेस?" गंगाने मध्येच विचारलं.

"दे."

गंगा उठली. आतून पेला भरून आणला आणि सीताबाईंनी तो पूर्ण संपवेपर्यंत बघत उभी राहिली. मग पेला घेऊन खुर्चीत बसली.

"एक सांगते. दर्शना तेव्हा पाच वर्षांची होती. त्या शेपूच्या वाफ्याला रोज ओढ्यातून सात लोटे पाणी घालायची. मोजून. मी घरी गेले तर दारातच विचारायला उभी. वैनीने भाजी केली? बाळाला दूध आलं? तिला काय सांगू, गाईने खाल्ली? मी म्हटलं, हो, केली, खाल्ली, दूध आलं. तिने वाडीभर सांगितलं. माझ्या पाण्याने वैनीचं बाळ वाढलं म्हणून." गंगाने एक पिवळं पान परातीतून बाजूला काढलं. "तिला अजून तेच माहीत आहे. तेच राहू दे. तुला सांगून मोकळं व्हायचं असेल तर मला सांगून झालं तुझं. तिला नको."

"नाही सांगणार."

"महिनाभर आधी आली असतीस तर बसलो असतो बोलत. खूप बोलायचं होतं. रावजीभाऊजी कसे गेले ते पण विचारायचं होतं."

"परत कधी येशील?"

"आता कशाला? दोन्ही डोळे झाले."

एक वाजता दर्शनाबाई शाळेतून आल्या, रिक्षा घेऊन आल्या होत्या. सीताबाईंनी एक पिशवी उचलली आणि खालपर्यंत गेल्या. गंगा पायऱ्या न मोजता उतरली. रिक्षात बसल्यावर तिने चष्मा लावला. रिक्षा वळेपर्यंत सीताबाई फाटकात उभ्या होत्या. तिने मागे बघितलं की नाही, ते चष्म्यामुळे कळलं नाही.

संध्याकाळी सातला दाराची बेल वाजली. दर्शनाबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. वाटीवर ताटली, ताटलीखाली लसणीची फोडणी दिलेला पालक.

"आईने निम्मी तुम्हाला द्यायला सांगितली. आणि म्हणाली, नुसती देऊन येऊ नकोस, समोर बस आणि त्या खातायत ते बघून ये." त्या हसल्या. "काय म्हातारी आहे! आणि काकू, मला आज स्टँडवर सांगितलं तिने. त्या वैनी म्हणजे तुम्ही! एवढे दिवस जिन्यात भेटतोय आपण."

तेजल आतून बाहेर आली. "कोण वैनी?"

"अहो, तुमचे अभय लहान असताना काकूंना दूध नव्हतं. आईने शेपू नेऊन दिला होता. पाणी मी घालायची त्याला. रोज सात लोटे."

"आई, हे कधी सांगितलं नाहीत," तेजल म्हणाली आणि कौतुकाने सासूकडे बघितलं.

सीताबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या. ताटली काढली. चपातीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, तोंडात घातली. पालक कोवळा होता. देठंसुद्धा बारीक चिरून घातली होती. दर्शनाबाई समोरच्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या, पंचावन्न वर्षांची ती बाई हनुवटी तळहातावर टेकून बघत होती.

"चांगली झालीय?"

"हो गो. छान झालीय."

"आणि तो शेपू, काकू? तेव्हाचा? तो कसा लागला होता?"

सीताबाईंनी घास गिळला. गॅलरीत तीन रिकामे खोके दिसत होते.

"त्याचा वास," त्या म्हणाल्या, "अजून हाताला येतो."

दर्शनाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी वाटीकडे बोट केलं. "संपवा ना. आईला फोन करून सांगायचंय."

सीताबाईंनी दुसरा तुकडा मोडला.